स्टिअरिंग जड, पण दोष पंपाचाच?

"साहेब, तुमचं काम बी-बियाणं आणि खतं-औषधं. गाडीच्या स्टिअरिंगचं तुम्हाला काय पडलंय?" टोमॅटोच्या लागवडीवर घेतलेल्या एका बैठकीत एका तरुण शेतकऱ्याने मला असे विचारले तेव्हा सगळी मंडळी हसली. मीही हसलो. प्रश्न काही चुकीचा नव्हता. खात्याने मला विस्तार अधिकारी म्हणून नेमले ते पिकासाठी, आणि माझी पदविका शेतीची आहे, यंत्राची नाही. परंतु त्या बैठकीला आलेल्या चाळीस-पंचेचाळीस जणांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा माल जुन्या पिकअपमधून माळशेज घाट उतरून कल्याणला नाही तर वाशीला जातो. रोप कोणते लावावे, बांबू-तार कधी बांधावी, करपा आला तर काय फवारावे हे आपण चार-चार महिने बोलतो. तोच माल क्रेटमध्ये भरून हौद्यात चढवला की आपली जबाबदारी संपली असे सगळेच धरून चालतो. शेतकरीही आणि खातेही. पुढचे मत माझे आहे, खात्याचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हल्ली आमच्या भागात एक टूम निघाली आहे. जुन्या पिकअपचे स्टिअरिंग जड लागायला लागले की पॉवर स्टिअरिंगचा पंप काढायचा आणि त्या जागी भंगारातून आणलेला मोठ्या गाडीचा पंप बसवायचा. "मोठा पंप टाक, एका बोटावर फिरंल," असे गॅरेजवाला सांगतो आणि तसे होतेही. एका बोटावर फिरते. तीन-चार आठवडे तरी फिरते. मग काय होते ते मी आमच्याच घरात पाहिले आहे.

माझा धाकटा भाऊ गाडी चालवतो. तीन एकरांत दोन भावांचे भागेना म्हणून मी नोकरी धरली आणि त्याने २०१६ साली कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. पुढे किंगपिनचा सरळ ॲक्सल, पुढेमागे पाटे, अशी जुन्या ठेवणीची गाडी. घेतली तेव्हा स्टिअरिंग चांगले चालत होते. पुढे एकेक गोष्ट वाढत गेली. आधी मागच्या पाट्यांत दोन पाटे जास्तीचे घातले. मग चारी टायर एक नंबर मोठे केले, कारण तसे केले की गाडी "दणकट दिसते". नंतर केबिनच्या टपावर लोखंडी कॅरेज बसवले, त्यावर १२ क्रेट मावतात. यातली एकही गोष्ट करताना स्टिअरिंगचा विचार कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. कॅरेजचे पैसे तर मीच दिले होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात भाऊ म्हणायला लागला, "दादा, खांदं भरून येत्यात. वाशीला आडतीत गाडी मागं घ्यायची म्हणजे दोन माणसं लागत्यात." गॅरेजवाल्याने गाडी उभीच असताना स्टिअरिंग दोनदा हलवले आणि पंप गेला म्हणून सांगितले. नवा, त्याच मापाचा पंप महाग पडत होता. एका मोडीत निघालेल्या ट्रकचा पंप साडेसहा हजारांत मिळाला. ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवले, पुली जुनीच लावली, दाबाचा पाइप जुनाच ठेवला. एकूण खर्च नऊ हजारांच्या आत. सगळे खूश.

त्याच जुलै महिन्यात टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला. नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे दर निघाला. वाचकांना ते दिवस आठवत असतील. लोक टोमॅटोच्या रानात राखणीला झोपत होते. भाडे क्रेटमागे मिळते, त्यामुळे जेवढे क्रेट जास्त तेवढी कमाई जास्त. भाऊ एका खेपेला ११० क्रेट भरू लागला. एका रात्री पावसात घाट उतरताना वळणावर दाबाचा पाइप फुटला. गरम ऑइल सायलेन्सरवर उडाले, बोनेटमधून धूर आला आणि एका बोटावर फिरणारे स्टिअरिंग एकदम दगडासारखे झाले. भावाला वाटले स्टिअरिंग तुटले. इंजिन चालू होते म्हणून ब्रेकची ताकद शाबूत होती, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. त्याने सगळी ताकद लावून गाडी डोंगराच्या अंगाला चरीत घातली. क्रेटवर दोन हमाल बसले होते. धूर बघून एकाने उडी टाकली. त्याचा पाय घोट्यात मोडला, सहा आठवडे प्लास्टर होते. घाटाखालच्या त्याच्या गावी त्या साली भातलावणी त्याच्या भावकीने करून दिली. उडी टाकली नसती तर त्याला काहीच झाले नसते, आणि गाडी दुसऱ्या बाजूला गेली असती तर तिघेही राहिले नसते. या दोन वाक्यांच्या मध्ये आम्ही अजून अडकलेलो आहोत.

आता यात चूक कुठे झाली ते बघा. मला हे एका वयस्कर मिस्त्रींनी समजावले. घाटातून गाडी ओढून आणल्यावर आम्ही ती त्यांच्याकडे नेली. त्यांनी पंपाला हातच लावला नाही. आधी पुढच्या टायरची हवा बघितली. मागे भरपूर आणि पुढे जेमतेम, एका चाकात तर निम्मीच. मग पुढची बाजू जॅकवर घेतली, चाके अधांतरी केली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवायला सांगितले. चाके जमिनीला लागलेली नाहीत, वजन काही नाही, तरी जड. तेव्हा त्यांनी स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा सोडवला आणि पुन्हा फिरवायला लावले. आता गिअरबॉक्स हलका चालला. चाक मात्र हाताने ढकलूनही करकरत वळत होते. दोन्ही किंगपिन कोरडे पडून गंजले होते. ग्रीसचे निप्पल मातीने बंद झालेले, ग्रीस आत गेलेच नव्हते. सर्व्हिसिंगला दरवेळी बाहेरून लावून पुसले जात होते.

"वळण घेतल्यावर स्टिअरिंग सोडलं तर आपोआप सरळ व्हायचं का?" मिस्त्रींनी भावाला विचारले. भाऊ म्हणाला, नाही, दोन वर्षांपासून हाताने सरळ करावे लागते. "मंग तवाच कळायला पाहिजे व्हतं," एवढेच ते बोलले.

किंगपिनचा संच, बुश आणि मजुरी मिळून साडेचार हजार झाले. म्हणजे खऱ्या रोगाला लागले त्याच्या दुप्पट पैसे आम्ही चुकीच्या औषधाला घातले, आणि एका माणसाचा पाय मोडला तो वेगळा.

मला स्वतःची लाज वाटली ती यासाठी की हेच मी रोज बांधावर लोकांना सांगत असतो. पान पिवळे दिसले की आपला शेतकरी युरियाची गोणी फोडतो. चुनखडीच्या रानात उसाच्या खोडव्याला केवडा पडतो तो लोह मिळत नाही म्हणून. पाणी साचलेल्या रानात पान पिवळे पडते ते मूळ गुदमरते म्हणून. त्याला युरिया घालून उपयोग काय? आधी मूळ उकरून बघा, माती तपासा, मग डोस ठरवा, हे आमचे पाठ केलेले वाक्य. आणि घरच्या गाडीचे पान पिवळे पडले तेव्हा मी नऊ हजारांचा युरिया घातला.

मोठा पंप बसवल्याने नुकसान का होते, हेही नीट समजून घेण्यासारखे आहे. पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो आणि ऑइल ढकलतो. गाडी सरळ चालली असेल तर ते ऑइल फारसा दाब न येता नुसते फिरून डबीत परत येते. आपण स्टिअरिंग वळवले की गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह ते ऑइल पिस्टनच्या एका बाजूला सोडतो आणि चाकाने जेवढा विरोध केला तेवढा दाब वाढतो. पंपात दाबाची मर्यादा राखणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्यापलीकडे दाब जाऊ नये ही त्याची राखण. हलक्या मालवाहू गाड्यांत ही मर्यादा साधारण ७० ते १०० बारच्या आसपास असते. मोठ्या ट्रकमध्ये ती १५० च्या घरात जाते. आपल्याला ओळखीचे उदाहरण घ्या. फवारणीचा एचटीपी पंप २० ते ३५ किलो दाबावर चालतो, आणि त्याची नळी फुटली तर माणूस कसा भिजतो ते सगळ्यांनी पाहिले आहे. स्टिअरिंगच्या नळीत त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो, आत गरम ऑइल असते आणि नळी तापलेल्या इंजिनाच्या कुशीतून जाते. त्या नळीला ट्रकच्या पंपाचा दाब दिला की नळी फुटणार, नाही तर गिअरबॉक्सची सिले जाणार. विहिरीवरच्या ५ एचपीच्या पाइपलाइनला साडेसात एचपीची मोटर लावली की जोड उडतात. तिथे निदान पाणीच वाहून जाते.

काही जण म्हणतील की दाब नाही वाढवत, ऑइल जास्त सोडणारा पंप घालतो. त्याचाही फायदा मर्यादित आहे. ऑइल किती येते यावर स्टिअरिंग किती भराभर फिरवता येईल हे ठरते, किती ताकदीने चाक वळेल हे ठरत नाही. ती ताकद दाबावर आणि पिस्टनच्या आकारावर. म्हणजे गाडी मागे घेताना स्टिअरिंग भरभर फिरवले तरच मध्येच अडकल्यासारखे होत असेल तर ऑइल कमी पडते आहे, आणि हळू फिरवले तरी जडच असेल तर दाब कमी किंवा कुठेतरी घर्षण आहे. हा फरक ड्रायव्हरला हाताने कळतो, त्याला शाळा लागत नाही. त्यातही एक साधी गोष्ट नेहमी विसरली जाते. उभ्या गाडीचे चाक वळवायला सर्वांत जास्त जोर लागतो, आणि नेमके तेव्हाच इंजिन सर्वांत हळू फिरत असते. जुन्या गाडीची आयडलिंग डिझेल वाचवायला म्हणून मुद्दाम कमी करून ठेवलेली असते. ती पुस्तकात दिली आहे तेवढी केली तर कितीतरी गाड्यांचा "गेलेला" पंप जागेवर येतो. पाना लावायचा, दहा मिनिटांचे काम.

पट्ट्याचेही तसेच. पूर्ण वळणावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा घसरतो आहे. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबावा, त्याहून फार ढिला नको आणि तारेसारखा ताणलेलाही नको. फार ताणला तर पंपाचे बेअरिंग जाते. ऑइलच्या डबीत फेस दिसला तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे. ऑइल काळे आणि जळक्या वासाचे झाले असेल तर बदलावे. कोणते ऑइल घालायचे ते गाडीच्या पुस्तकात किंवा डबीच्या झाकणावर लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांना लाल रंगाचे एटीएफ चालते. एका गावात घाईघाईत ब्रेक ऑइल ओतलेले मी पाहिले आहे. ब्रेक ऑइलने स्टिअरिंगची रबरी सिले फुगतात आणि मऊ पडतात, मग पंप आणि गिअरबॉक्स दोन्ही खोलावे लागतात. तहान लागली म्हणून रॉकेल प्यायल्यासारखेच ते.

हे सगळे बघूनही जड राहिले तर मग दाबमापक लावावा. पंप आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तो जोडतात, इंजिन चालू करून त्याचा कॉक क्षणभर बंद करतात आणि पंप किती दाब देतो ते काट्यावर दिसते. क्षणभर म्हणजे चार-पाच सेकंद, त्याहून जास्त नाही, नाही तर चांगला पंपही तिथेच खराब होतो. आमच्या तालुक्यात मी सात-आठ गॅरेज फिरलो. एकाकडेच असा मापक होता, तोही पेटीच्या तळाशी, काच फुटलेला. मापक नसताना पंप गेला असे सांगणे म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणे. मी गॅरेजवाल्यांना दोष देत नाही. त्यांची पोरे बघून-बघून शिकलेली, त्यांना कोणी हे शिकवले नाही आणि गिऱ्हाइकाला तर घाईच असते, रात्री गाडी भरायची असते.

पंप खरोखर गेलेलाही असतो, हे मान्य केलेच पाहिजे. दांड्याच्या सिलातून ऑइल गळत असेल तर सील किट टाकून तोच पंप पुष्कळदा चालतो. ऑइल भरलेले आहे, हवा नाही, पट्टा ठीक आहे, आणि तरी पंप कण्हत असेल व काटा पुस्तकापेक्षा खाली असेल, तर बदला. पण त्याच दाबाचा, त्याच दिशेला फिरणारा बदला. पंपांना डावी-उजवी दिशा असते, भंगारवाला ती सांगत नाही. नवा पंप जोडण्याआधी डबी, जाळी आणि पाइप धुऊन जुने ऑइल पूर्ण काढले पाहिजे. जुन्या पंपाचा झिजलेला लोखंडाचा बारीक चुरा आत राहिला तर तो नव्या पंपाला महिन्यात खाऊन टाकतो. दाबाचा पाइप यंत्रावर दाबून टोके बसवलेलाच घ्यावा, साधी रबरी नळी आणि क्लिप तिथे चालत नाही. हवा काढताना पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवायचे आणि डबी भरत राहायचे. मग इंजिन चालू करायचे. आणि ड्रायव्हरने एक सवय सोडावी: स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरण्याची. टोकाला दाबून धरले की पंप पूर्ण दाबावर अडतो आणि ऑइल उकळायला लागते.

आता वजनाबद्दल. माझा समज होता की वजन जास्त भरले म्हणून स्टिअरिंग जड होते. मिस्त्रींनी तो अर्धा खोडून काढला. हौद्यातले बहुतेक वजन मागच्या ॲक्सलवर जाते. फाळका उघडा ठेवून मागे बाहेरपर्यंत क्रेट लावले तर उलट पुढची बाजू उचलली जाते आणि स्टिअरिंग हलके लागते. हे हलके लागणेच वाईट, कारण पुढच्या टायरने रस्ता नीट धरलेला नसतो. जड होते ते टपावरच्या कॅरेजने. आमचे १२ क्रेट, प्रत्येकी २० किलो माल आणि दोन किलोचे क्रेट, म्हणजे अडीचशे किलोहून जास्त, बहुतेक पुढच्या चाकांवर. त्यात मोठे टायर.

मोठ्या पंपाचा खरा धोका मला इथे दिसतो. ड्रायव्हरला रस्ता हाताने कळतो. चाक घसरायला लागले, हवा कमी झाली, मागे वजन जास्त झाले, तर स्टिअरिंग हातात वेगळे लागते. ते एका बोटावर फिरायला लागले की हे काहीच कळत नाही. पावसात, धुक्यात, माळशेजसारख्या घाटात हे सांगणारे स्टिअरिंग सोडून दुसरे कोणी नसते. भावाचे खांदे दुखत होते म्हणजे गाडी दोन वर्षे ओरडून सांगत होती, आणि आम्ही तिचे तोंड बांधले.

घाटाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. उतारावर डिझेल वाचवायला किल्ली बंद करून गाडी सोडणारे अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे स्टिअरिंगची मदत बंद. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमही इंजिनच तयार करते, तो दोन-तीन वेळा पॅडल दाबले की संपतो. किल्ली पूर्ण मागे फिरवून काढली तर स्टिअरिंगला कुलूपच लागते. आणि वाचते काय? गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर चाकेच इंजिनला फिरवतात, डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला जिवंत ठेवायला डिझेल लागते. मदत अचानक गेलीच, पाइप फुटला किंवा पट्टा तुटला, तर एवढे लक्षात ठेवावे की स्टिअरिंग तुटलेले नसते. चाकाशी त्याचा सांधा शाबूत असतो, फक्त जोर चौपट लागतो. दोन्ही हातांनी धरून, खालच्या गिअरमध्ये, एकसारखा ब्रेक दाबत गाडी बाजूला घेता येते. माझ्या भावाला हे कोणी आधी सांगितले असते तर तो तरी घाबरला नसता. क्रेटवर माणसे बसवणे तर बंदच झाले पाहिजे, त्याला कोणतेही कारण चालणार नाही.

वजनाचा हिशोब गाडीच्या आरसीवरच लिहिलेला असतो. रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे मान्य वजन, या दोहोंतला फरक काढा, ड्रायव्हर-क्लीनरचे दीडशे किलो वजा करा. आमच्या गाडीचे रिकामे वजन १,७५० किलो आणि मान्य वजन ३,४०० किलो. म्हणजे मालाला १,५०० किलो उरतात. २२ किलोच्या हिशोबाने ६८ क्रेट. भाऊ ११० भरत होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २० हजार रुपये आणि जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे, आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर कलम ५२ चे बंधन आहे. अपघात झाला की विमा कंपनी आधी हेच कागद काढते.

पण केवळ गाडीवाल्याला दंड करून हे सुटेल असे मला वाटत नाही. "अजून दहा क्रेट टाक की, एवढ्यासाठी दुसरी गाडी कुठं बघू?" असे म्हणणारा आपला शेतकरीच असतो. भाव पडलेला असला की भाडे अंगावर येते म्हणून तो आग्रह करतो, भाव चढलेला असला की माल लवकर जावा म्हणून करतो. गाडीवाल्याला हप्ता भरायचा असतो. या दोघांच्या मध्ये बोलायला कोणी नाही.

माझी सूचना छोटी आहे आणि तिला नवीन योजना लागत नाही. बाजार समितीत भुईकाटा असतोच. हंगामाच्या आधी एक दिवस तो गाड्यांसाठी मोकळा ठेवावा. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग मागची, म्हणजे कोणत्या ॲक्सलवर किती वजन आहे ते गाडीवाल्याला डोळ्यांनी दिसेल. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग चालतो. तिथले निदेशक आणि मुले त्या दिवशी हवा, पट्टा, ऑइल आणि किंगपिन तपासतील, मुलांनाही खऱ्या गाड्यांवर हात बसेल. दोन-तीन दाबमापक घेऊन समितीने ते गॅरेजवाल्यांना वापरायला द्यावेत. आमच्या खात्याने काढणीपश्चात प्रशिक्षण घेताना एक तास यासाठी द्यावा. मी माझ्या बैठकांमध्ये तो द्यायला सुरुवात केली आहे, त्यावरूनच वरचा प्रश्न आला होता.

आमच्या गाडीचे सांगायचे तर कॅरेज उतरवले आहे, टायर पुन्हा मूळ मापाचे घातले आहेत, पंप त्याच मापाचा जुना दुरुस्त करून बसवला. स्टिअरिंग एका बोटावर फिरत नाही, दोन्ही हातांनी चांगले फिरते. भाऊ आता ८० क्रेट भरतो. म्हणजे अजून १२ जास्तच, आणि त्यावरून घरात आमचा वाद चालू आहे. तो म्हणतो, "दादा, हप्ता तू भर, मी ६८ भरतो." त्याचे दोन जुने शेतकरी गेल्या हंगामात दुसऱ्या गाडीकडे गेले, कारण ती १२० क्रेट एका खेपेत नेते. त्या गाडीच्या टपावर नुकतेच नवे कॅरेज बसवले आहे.